वहीवरची राणी

कुडवलीच्या संस्थानी संग्रहालयाने वह्या छापल्या. मुखपृष्ठावर तानपुरा घेतलेल्या राणीचं जुनं चित्र आणि खाली 'चित्रकार अज्ञात'. झालं! माजी नगराध्यक्ष तात्यासाहेब घारपुरे तणतणत आले. गावात काही चांगलं दिसलं की ते आपल्याच घराण्याचं, अशी त्यांची ठाम समजूत. त्यांनी संग्रहालय सांभाळणाऱ्या यमुताईंपुढे वही आपटली.

"हे चित्र आमच्या पणजोबांचं! सगळ्या वह्या रद्दीत घाला आणि त्यांच्या नावानिशी नव्या छापा. नाहीतर कोर्टात खेचतो!"

पुरावा मागितला असता तर आवाज आणखी चढला असता. यमुताईंनी चहा मागवला.

"बरं झालं बाई, पत्ता लागला! उद्या राजेसाहेब येताहेत वह्यांच्या प्रकाशनाला. दर वेळी एकच विचारतात, आमच्या पणजीच्या हाताला सहावं बोट चिकटवणारा तो गाढव कोण? आता तुम्हालाच पुढे करते."

तात्यासाहेबांनी चष्मा चढवून राणीची बोटं मोजली. पुन्हा मोजली. चहा तसाच राहिला.

"आमचे पणजोबा... तसे फक्त झाडं-डोंगरच काढायचे," ते उठत म्हणाले.

"मग नाव काय छापू?"

"अज्ञातच राहू द्या. पण जरा ठळक छापा!"