चिमणी आणि वाटी

"सात महिन्यांचं मूल इतकं कृतघ्न असू शकतं, आई?"

दिनकरशास्त्री पाठशाळेत तर्क शिकवीत. आज मठात येसूआईंसमोर दुःखही ते मुद्द्यामुद्द्यानेच मांडत होते.

"त्याची आई जाऊन महिना झाला. ती गेल्यावर तिची बहीण आली, ही सगुणा. याने तिला त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. तरी आईच्या मांडीवर हसायचा, तसाच हा हिच्या मांडीवर हसतो... उद्या मी तिला परत पाठवतोय. एक बाई गेली आणि ही दुसरी आहे, एवढं तरी त्याला कळू दे."

सगुणा दाराशी मान खाली घालून बसली होती.

येसूआईंनी बाळाला सतरंजीवर बसवलं आणि त्याच्यासमोर एक पाट उभा धरला.

पाटाच्या एका कडेने लाल लाकडी चिमणी डोकावली. परत मागे गेली. मग दुसऱ्या कडेने पितळी वाटी आली, तीही मागे गेली.

बाळ खुदकन हसलं. पुन्हा चिमणी, पुन्हा वाटी.

मग येसूआईंनी पाट काढून घेतला.

दोन्ही वस्तू शेजारी शेजारी होत्या. बाळाचं हसू थांबलं. त्याने चिमणीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं, परत चिमणीकडे पाहिलं.

"याला नवल कसलं वाटलं?" शास्त्र्यांनी विचारलं.

"मागे एकच काहीतरी आहे, असं धरून चालला होता तो."

"एक लाल, एक पिवळी. एक लाकडाची, एक धातूची. भेद उघड आहे."

"तुला."

"मग दोन आहेत, हे त्याला कळावं कसं?"

"दोन्ही एका वेळी दिसल्या की."

शास्त्री सवयीने पुढचा मुद्दा काढायला गेले. मग त्यांची नजर सगुणेकडे गेली.

"दोघी बहिणींना त्याने एका वेळी कधी पाहिलंच..."

येसूआईंनी चिमणी आणि वाटी बाजूला ठेवली.

"म्हणजे त्याच्या लेखी त्याची आई अजून गेलेलीच..."

बाळ कुरकुरलं. शास्त्र्यांनी त्याला उचललं, थोडा वेळ छातीशी धरलं आणि स्वतःच्या हाताने सगुणेच्या मांडीवर ठेवलं.

"राहा," ते म्हणाले. "त्याला हवी आहेस तोवर राहा."

सगुणेने पदरात तोंड लपवलं. गेली ती तिची बहीण होती, तिलाही दुःख असेल, हे महिनाभर कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

शास्त्री वळले. त्यांचे डोळे कोरडे होते, महिनाभर होते तसेच.

"पण ती गेली, हे त्याला कधीतरी सांगावं लागेलच. केव्हा सांगू, आई?"

येसूआईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आधी तू रडून घे, बाळा."