चष्मा, किल्ली आणि ऱ्हाइन नदी

मोटारींना किल्ल्या लागायच्या, तेव्हाची गोष्ट. जर्मनीत फिरायला गेलेल्या दामुअण्णांच्या चष्म्याला एकच ध्यास होता, ऱ्हाइन नदी मनसोक्त पाहायची. भाड्याच्या मोटारीची किल्ली म्हणाली, "आगगाडीच्या वेळा कशाला सांभाळतोस? माझ्याबरोबर चल, वाटेल तिथे थांबू."

चष्म्याला पटलं. पण अण्णा मोटार चालवू लागले आणि दिवसभर त्याला रस्त्याखेरीज काही दिसेना. शेजारी बसलेली अण्णांची पत्नी मात्र "अहो, नदी बघा की!" म्हणत राहिली.

दुसऱ्या सकाळी चष्मा कोटाच्या खिशात दडून बसला. चष्म्याशिवाय मोटार चालवणार कोण? दोघं निमूट आगगाडीत बसली. नदी आली तसा चष्मा अण्णांच्या हाती लागला.

संध्याकाळी किल्लीने टोमणा मारला, "काय रे, थांबलास का वाटेल तिथे?"

"थांबायचं कशाला, बाई? नदी बरोबरच चालली होती."