दहा हजार अंगठ्यांचा पट

एका राज्यात राजा जन्माने होत नसे, प्रजेच्या कौलाने होत असे. कौल बारा वर्षांचा. पण राजधानीच्या वेशीवर एक काळी शिळा होती, आणि तिच्यावर आद्य राजाने एक वचन कोरून ठेवले होते: दहा हजार प्रजाजनांनी अंगठा उठवून मागणी केली, तर राजाने छत्र खाली ठेवावे आणि प्रजेचा कौल पुन्हा घ्यावा. त्या शिळेवर एक साळुंकी बसत असे. वय तीनशे वर्षे. वचनाचा शब्द न् शब्द तिला पाठ होता, आणि खोटे बोलणे तिच्या चोचीला ठाऊक नव्हते.

राजा अरिंजयाच्या राज्याच्या पाचव्या वर्षी नागसरोवराच्या तळाशी त्याला मोत्यांचा कंठा सापडला. कंठा सरोवरातल्या नागाचा होता, आणि त्याला नागाचाच शाप होता. राजाने तो गळ्यात घातला आणि त्याच घटकेला राज्यातल्या साऱ्या विहिरी खारट झाल्या. डाळ शिजेना. वासरे पाण्याला तोंड लावीनात. गोडे पाणी उरले ते फक्त राजवाड्याच्या पुष्करणीत, आणि तिच्याभोवती पहारा बसला. डोक्यावर छत्र असेतो कंठा गळ्यातून निघणार नव्हता. आणि राजाला तो काढायचाही नव्हता. कंठा घालून आरशात पाहिले की त्याला आपले मुख चंद्रासारखे दिसे.

त्या राज्यात भिवरा नावाची एक कासारीण होती. गावोगाव हिंडून ती बांगड्या भरी. परके हात हातात घेणे हा तिचा रोजचा धंदा. बांगडी भरताना लोक मनातले बोलतात, आणि त्या वर्षी सारे एकच बोलत होते. तेव्हा भिवराने एक लांब पट शिवला, काजळाची डबी घेतली आणि दारोदार विचारू लागली, “छत्र खाली यावे असे वाटते? मग अंगठा उठवा.” ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची नावे तिने लिहिली. सात महिन्यांत पटावर दहा हजार बारा अंगठे उठले. पट खांद्यावर टाकून भिवरा मुद्राशाळेत गेली.

मुद्राशाळेचा अधिकारी अनंतशर्मा म्हातारा होता, प्रामाणिक होता आणि भित्रा होता. पट तपासून त्यावर मुद्रा उठवणे एवढेच त्याचे काम. पण त्याच्या शेजारी राजाचा मांत्रिक धूम्रकेश येऊन बसला होता.

“यातले तीनशे अंगठे मेलेल्यांचे आहेत,” धूम्रकेश म्हणाला. त्याने मृतांची वही उघडली. तीनशे नावे तिच्यात होती. शाई अजून ओली होती.

“ती माणसे जिवंत आहेत,” भिवरा म्हणाली.

“सिद्ध कर.”

अनंतशर्म्याने मान खाली घातली. “उद्या सूर्यास्तापर्यंत,” तो पुटपुटला.

मुद्राशाळेत पितळेचा एक आरसा होता. मेलेला माणूस त्यात दिसत नसे. दुसऱ्या दिवशी भिवराने तीनशे माणसे आणून त्यापुढे उभी केली. नव्वदीचा धर्मू कोष्टी सर्वांत पुढे होता. आरशात त्याची एकूण एक सुरकुती उमटली.

“मी मेलो ते मला कुणी कळवलेच नाही,” धर्मू म्हणाला. “तेराव्याचे जेवण कुठे आहे तेवढे तरी सांगा.”

सारी शाळा हसली. धूम्रकेश हसला नाही. त्याने पटावर बोट ठेवले. “ही दोन हजार नावे एकाच हाताने लिहिली आहेत. ही बनावट आहे.”

“हात माझाच आहे,” भिवरा म्हणाली. “त्यांना अक्षर येत नाही. नाव मी लिहिले, अंगठा त्यांनी दिला.”

साळुंकी खिडकीत येऊन बसली होती. ती म्हणाली, “वचनात ‘अंगठा’ आहे. ‘अक्षर’ नाही.”

अनंतशर्म्याने साळुंकीकडे पाहिले, मग मांत्रिकाकडे. “त्या दोन हजारांनी परवा माझ्यासमोर पुन्हा अंगठा द्यावा,” तो म्हणाला. “जुळला तर धरू.”

तिसऱ्या दिवशी पहाटे त्या दोन हजार माणसांना जाग आली, तो त्यांच्या अंगठ्यांवर एकही रेष नव्हती. अंगठे गोट्यांसारखे गुळगुळीत. कुंभारणीने मडक्यावर बोट दाबले, ठसा उमटला नाही. लोक घाबरले, काही रडले.

साळुंकी भिवराच्या दारी आली. “मांत्रिकाने रेषा ओढून सूत कातायच्या चातीवर गुंडाळल्या, आणि चाती नागसरोवरात टाकली. पुढचे तुझे तू पाहा.”

भिवरा सरोवरावर गेली आणि गळाभर पाण्यात उतरली. नाग वर आला. त्याची फणा सुपाएवढी होती आणि शेपटीच्या वेटोळ्यात चाती होती.

“माझा कंठा आणलास?” नागाने विचारले.

“नाही. तो माझ्याने निघणार नाही. छत्र उतरले की तो आपोआप निघेल. त्यासाठी मला ती चाती हवी.”

“माणसांनी मला आजवर लुबाडलेच आहे.”

“राजाने लुबाडले. मी बांगड्या विकते.”

नागाने जबडा उघडला. “हात आत घाल. मन खोटे असेल तर विष चढेल.”

भिवराला वाटले, फिरावे, घरी जावे, चूल पेटवावी. मग तिला त्या गुळगुळीत अंगठ्यांकडे पाहणारी कुंभारीण आठवली. तिला राग आला, आणि त्या रागातच तिने कोपरापर्यंत हात आत घातला. जबडा मिटला. हातातल्या चारही बांगड्या कडाकड पिचल्या. दात मात्र कातडीला टेकले नाहीत.

“घेऊन जा,” नाग म्हणाला.

मुद्राशाळेच्या अंगणात भिवराने चाती उलटी फिरवली. रेषा सुटल्या, कोळ्याच्या तंतूंसारख्या हवेत तरंगल्या आणि ज्याच्या त्याच्या अंगठ्यावर जाऊन बसल्या. दोन हजार अंगठे पुन्हा उठले. दोन हजार जुळले. अनंतशर्म्याने मुद्रेकडे हात नेला.

“थांबा,” धूम्रकेश म्हणाला. “ज्याला पश्चात्ताप झाला असेल त्याला अंगठा मागे घेता आला पाहिजे. हे वचनात आहे की नाही?”

“आहे,” साळुंकी म्हणाली. “मोजणीच्या दिवशी सूर्यास्तापर्यंत देता येतो, सूर्यास्तापर्यंत मागे घेता येतो.”

“मग उद्या साऱ्यांनी मैदानात यावे. जो येणार नाही, त्याचा अंगठा बाद.”

दुसऱ्या दिवशी दहा हजार बारा माणसे भर उन्हात उभी राहिली. त्यांच्यापुढे राजवाड्याचे चाळीस पखालवाले गोड्या पाण्याने भरलेल्या पखाली घेऊन ओळीने उभे होते. जो अंगठा पुसेल त्याला घागरभर पाणी. राजा सज्जात बसून पाहत होता. दुपार झाली. ओठ फुटले. पाण्याचा वास मैदानभर पसरला.

“हे पाणी आपलेच आहे!” भिवरा ओरडली. “आपलेच पाणी आपल्याला विकतात आणि किंमत म्हणून आपला शब्द मागतात! उभे राहा!”

लोक उभे राहिले. पण सारे नाही. एक म्हातारी गेली, मग दोघे भाऊ गेले. आणि मग भिवराने पाहिले, तिची स्वतःची लेक सुंदरा तान्ह्याला कडेवर घेऊन पखालीकडे चालली होती. सुंदराने पटावरचा आपला अंगठा ओल्या पदराने पुसला, घागर उचलली आणि आईकडे न पाहता निघून गेली. भिवराच्या छातीत कळ आली. ती हलली नाही.

सूर्य कलला. पन्नास अंगठे पुसले गेले होते. अनंतशर्म्याने मोजले, पुन्हा मोजले. “अडतीस कमी,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

धूम्रकेश उठला. एवढ्यात धप्पकन आवाज झाला. पहिल्या पखालवाल्याने पखाल जमिनीवर टाकली होती.

“दिवसभर मी लोकांची तोंडे पाहिली,” तो म्हणाला. “काजळ इकडे आणा.”

“तू राजाचा चाकर आहेस!” सज्जातून राजा गरजला.

“प्रजाही आहे, महाराज.” त्याने अंगठा उठवला. मागोमाग दुसरा आला, तिसरा आला. सूर्याची कड डोंगराला टेकली तेव्हा चाळिसावा अंगठा उठत होता.

“दहा हजार दोन,” अनंतशर्मा म्हणाला. धूम्रकेशाने त्याचे मनगट धरले. म्हाताऱ्याने मान वर केली. “सोड,” तो म्हणाला. “आयुष्यभर भ्यालो. आज पुरे.” आणि त्याने मुद्रा उठवली.

रिकामी चाती भिवराच्या हातात आपोआप गरगरली. चातीने धूम्रकेशाच्या दहाही बोटांवरच्या रेषा ओढून घेतल्या. बोटांवर रेषा नसलेल्याचा मंत्र चालत नाही. तो त्याच पावली राज्याबाहेर गेला.

आठव्या दिवशी कौल झाला. पडद्याआड दोन कलश ठेवले, एक राजाचा, एक राजाविरुद्धचा. ज्याने त्याने आपली कवडी हवी तिथे टाकली. राजाचा कलश अर्धाही भरला नाही. छत्र खाली आले, कंठ्याची गाठ सुटली, आणि कंठा सापासारखा सरपटत सरोवरात गेला. तिसऱ्या प्रहरापर्यंत साऱ्या विहिरी गोड झाल्या. लोकांनी पाटबंधाऱ्यांची राखण करणाऱ्या जाणत्या वसुमतीला छत्राखाली बसवले, तेही काळ्या शिळेवर हात ठेवायला लावून.

सुंदरा मात्र आईकडे फिरकली नाही. तेव्हा भिवराच तिच्या दारी गेली.

“आई, मी अंगठा पुसला,” सुंदरा उंबऱ्यातच म्हणाली.

“पाहिले मी.”

“तू रागावली असशील.”

“रागावले. दोन दिवस जेवले नाही. मग मनात आले, तुला त्या पखालीपुढे तान्ह्यासकट उभे कुणी केले? तो राग तिकडचा. तुझ्यावर काढून काय करू?”

सुंदराने डोळे पुसले. मग भिवराला राहवले नाही. “कौलाच्या दिवशी कवडी कुठल्या कलशात टाकलीस ग?”

सुंदरा ताठ झाली. “आई, ते विचारायचे नसते. पडदा कशाला लावला होता?”

भिवरा इतक्या मोठ्याने हसली की तान्हे दचकून जागे झाले. “खरे आहे,” ती म्हणाली. “चुकले माझे.” आणि लेकीच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसली.