फाईलमधले जास्तीचे कागद

मिरजेच्या रोहिणी घोलप या नर्सला आयर्लंडमधल्या एका इस्पितळात नोकरी लागली होती, पण सगळं अडलं होतं एका पत्रापाशी. तिची नोंदणी चालू आहे आणि तिच्याविरुद्ध तक्रार नाही, एवढंच इथल्या नर्सिंग कौन्सिलने तिकडच्या कौन्सिलला कळवायचं होतं. मुदतीला चार दिवस उरले होते.

आता बघा, कौन्सिलचे दाभाडे साहेब तिची अख्खी फाईलच पाठवायला निघाले. त्यात नऊ वर्षांपूर्वीच्या क्षयाच्या उपचारांचे कागदही होते. रोहिणी केव्हाच ठणठणीत बरी झाली होती, पण ते वाचून तिकडे कोण काय समजेल, या विचाराने ती त्यांच्या टेबलाशी पुढे झाली.

"साहेब, त्यांनी आजारपण विचारलेलंच नाही."

"लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला, बाई?" साहेब तिच्यामागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले.

रोहिणीची नजर पाण्याच्या पेल्याजवळ पडलेल्या त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर गेली. तिने आवाज खाली आणला.

"या गोळ्या कशावरच्या, ते मी आल्याआल्याच ओळखलं, साहेब. सांगू रांगेला?"

साहेबांचा हात झटकन पाकिटावर गेला.

"नाही सांगणार. कामापुरतं पाहायचं आणि बाकीचं पोटात ठेवायचं, अशी शपथ घेतली तेव्हा कुठे मी नर्स झाले. माझी फाईल ज्यांच्या हातात आहे, त्यांना अशी शपथ नसते का?"

साहेबांनी पाकीट खिशात टाकलं. मग त्यांनी फाईल मिटली आणि दोन ओळींचं पत्र स्वतःच्या हाताने लिहून त्यावर शिक्का मारला.