खेकड्याची टकटक

त्या रानात पुरात चुकलेली पिल्लं एका गुहेत सुखरूप ठेवली जात आणि दारावर मुंगळ्यांचा पहारा असे. आईने नाव सांगावं, मुंगळ्यांनी ते जसंच्या तसं आत न्यावं, त्या नावाचं पिल्लू बाहेर यावं, अशी रीत होती. मुंगळे इमानी होते, पण डोकं चालवणं त्यांच्या कामात बसत नसे. ठरावीक आवाज म्हणजे हुकूम, मग तो कोणाच्याही तोंडून येवो. एकदा कोल्ह्याने नावाला जोडून 'सगळ्यांना सोडा'चा हुकूम दिला, तेव्हा त्यांनी खरोखरच सगळ्यांना सोडलं होतं.

टिटवीचं दुर्दैव असं, की 'टिव' म्हणजे 'दार लावा', आणि टिटव्यांच्या घरात प्रत्येक नाव 'टिव'नेच सुरू होई. तिने 'टिवचिमी' अशी हाक मारली की दार तिच्या चोचीवर आपटे. मागे ताटकळलेल्या आया वैतागत.

"बाई, तेवढा आवाज गाळ की," बुलबुल म्हणाली.

टिटवीने मन मारून नुसतं 'चिमी' म्हटलं. खारीची चिमी आली, चिमणीची चिमी आली. तिची मात्र आत आपल्या पूर्ण नावाची वाट पाहत बसली होती. टिटवी ढसाढसा रडली.

तेव्हा रांगेतून म्हातारा खेकडा पुढे आला. तिरका चालतो म्हणून सगळे त्याला हसत.

"पोरी, मी पुढे उभा राहतो. माझी टकटक झाली की हाक मार."

त्याने उंबऱ्यावर नांगी आपटली. ही जुनी खूण मुंगळे विसरले नव्हते: यापुढचा आवाज हुकूम नाही, नुसतं नाव आहे. टिटवीने हाक मारली. दार उघडंच राहिलं आणि चिमी धावत तिच्या पंखाखाली शिरली.

"खेकडेबुवा, हे उपकार कसे फेडू?"

"फेडायचं काय त्यात? तुझ्या पोरीच्या नावाला कात्री लागली नाही, झालं."

पुढच्या पुरात खेकड्याचा नातू वाहून गेला आणि त्याच गुहेत पोचला. खेकड्यांची हाक म्हणजे नांगीची टकटकच. म्हाताऱ्याने ती केली, तर मुंगळे त्याच्या पाठीमागे पाहू लागले, आता नाव कोण सांगणार म्हणून. मागे कोणीच नव्हतं. आपल्याच हाकेआधीची खूण आपणच करण्याची सोय तिथे नव्हती. म्हातारा माघारी वळला.

टिटवीने ते पाहिलं. तिचं मन भरून आलं. ती उडाली आणि नदीकाठ धुंडाळून दुसऱ्या एका खेकड्याला हातापाया पडून घेऊन आली.

दारात दोन खेकडे एकामागे एक तिरके उभे राहिले. पहिल्याने नांगी आपटली, मग म्हाताऱ्याने आपटली. मुंगळ्यांनी दुसरी टकटक उचलून आत नेली. थोड्या वेळाने गुहेच्या तळातून एक बारीक टकटक आली.