कुमुदचे दोन वर आणि लोणीरंगाची गाडी

निळ्या टेकडीच्या पायथ्याशी, एका कौलारू खोपटात, कुमुद नावाची चिमुरडी आपल्या नानांसोबत राहायची. आईबाबा तिला आठवतही नव्हते. ती पहाटे फुलं वेचायची, गजरे विकायची आणि त्यावर आजोबा-नातीचं पोट भरायचं. अंगणात चिंचेखाली मात्र एक जुनी मोटारगाडी उभी होती, ताज्या लोण्याच्या रंगाची. तिचं नाव हंसी. नानांनी तरुणपणी ती मोडक्या अवस्थेत आणून स्वतःच्या हातांनी उभी केली होती. आता हंसी चालत नव्हती, तरी नाना रोज तिचे गोल गोल दिवे पुसायचे.

"भंगारात द्या हो ती," लोक म्हणायचे. नाना नुसते दिवे पुसत राहायचे. हल्ली ते कुणाशी फारसं बोलतच नसत.

एका पहाटे राजबागेत जाईच्या वेलीवर कुमुदला काहीतरी लुकलुकताना दिसलं. कोळ्याच्या जाळ्यात बोटाएवढी परी अडकली होती. तिचे पंख चांदण्यासारखे पातळ होते. कुमुदने एकेक धागा इतक्या हलक्या हाताने सोडवला, की बिचाऱ्या कोळ्याचं घरही मोडलं नाही.

"दोन वर माग," परी म्हणाली. "पण मागायचे ते दुसऱ्यासाठी. आणि माझी जादू सूर्य मावळेपर्यंतच टिकते हं."

त्याच दिवशी बागेत जुन्या गाड्यांचा मेळा होता. "माझ्या नानांची हंसी चालू दे," कुमुद म्हणाली. दुसरा वर तिने जपून ठेवला. नानांना मेळ्यातल्या सगळ्यात देखण्या गाडीला मिळणारा चांदीचा पेला मिळवून द्यायचा, म्हणजे हंसीला कुणी भंगार म्हणणार नाही.

घरी हंसी गुरगुरली, थरथरली आणि डौलात निघाली. स्टिअरिंगवर नाना, शेजारी कुमुद, दोघं थेट मेळ्याकडे.

बागेच्या फाटकाशी एक डाळिंबी गाडी बंद पडली होती. शेजारी दमयंतीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. "हे गेल्यापासून पहिल्यांदाच गाडी बाहेर काढली," त्या म्हणाल्या. "आता इथूनच परत फिरायचं."

कुमुदच्या डोळ्यांपुढे तो चांदीचा पेला चमकला. मग तिने बाईंचे ओले डोळे पाहिले आणि हळूच पुटपुटली, "यांची गाडी आत जाऊ दे."

डाळिंबी गाडी घुरघुरत आत शिरली, मागोमाग हंसी. आत काय रंग होते! मोरपंखी, केशरी, चिंतामणी गाड्या उन्हात झळझळत होत्या. हंसीभोवती माणसं जमली. हे दार कसं बसवलंत? हा भोंगा कुठून आणलात? नाना सांगत होते, हसत होते, हातवारे करत होते. पेला एका आकाशी गाडीला मिळाला आणि नानांनीच टाळ्या वाजवल्या.

"नाना, तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

"कशाचं गं? घरी हंसीकडे मी एकटाच बघतो. इथे तिच्या दाराचा आवाज ऐकून एकाला त्याचे वडील आठवले. ज्याला त्याला आपल्या गाडीची गोष्ट सांगायचीय आणि ऐकायला जीव लावणारी माणसं आहेत. इथे सगळे त्यासाठीच येतात, बाळा."

सूर्य मावळला. हंसी गप्प झाली, डाळिंबी गाडीही. आता घरी कसं जायचं?

पण कुणी कंदील धरला, कुणी नट आवळायचे पाने आणले. नानांनी डाळिंबी गाडीची तुंबलेली नळी फुंकून साफ केली. हंसीची मात्र ठिणगी देणारी कॉइल जळाली होती.

"तसली आता बाजारात मिळत नाही," नाना म्हणाले.

"आमच्या ह्यांनी एक जपून ठेवली होती," दमयंतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी डिकी उघडली. "घ्या. आणि पुढच्या मेळ्याला आमच्यासोबत या. कुमुदलाही आणा, ती माझ्या शेजारी बसेल."

कॉइल बसली. हंसी सुरू झाली, या वेळी कुठल्याही जादूशिवाय.

बागेतल्या कारंज्यावर परी तरंगत होती. "आता माझं काम उरलं नाही," ती कुमुदकडे बघून हसली. तिच्या पंखांतून सोनेरी, गुलाबी उजेड सांडला, सगळ्या गाड्यांच्या काचांवर क्षणभर थरथरला आणि त्या उजेडातच ती विरून गेली.