कशालाच न चिकटवलेली जमीन

"म्हणजे ही खाली कशालाच चिकटवलेली नाही?"

"कशालाच नाही, माई. नुसती ठेवलीय."

"कशावर?"

"फोमच्या पातळ थरावर. त्याच्याखाली सिमेंटचा कोबा. फळ्या एकमेकींत अडकवल्यात, तेवढंच. खिळा नाही, ग्लू नाही." ऋजुताचा आवाज थोडा चढला. "सबंध खोलीची जमीन, आणि ती धरलेली कुठेच नाही."

माई दारातच उभ्या होत्या. काठी उंबऱ्याच्या अलीकडे. त्यांनी आत वाकून पाहिलं.

"हलते का?"

"नाही."

"मग?"

ऋजुताने पायाने एक फळी दाबून बघितली.

माई जुन्या कीर्तनकार. आयुष्य देवापुढे उभं राहण्यात गेलं. ऋजुता त्यांची शिष्या. सकाळी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, संध्याकाळी माईंकडे कीर्तन शिकायची. चैत्रात देवळाच्या सभामंडपात, ऐन गजरात, माई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड आता जुळलं होतं. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, यापुढे एकटं राहायचं नाही.

म्हणून ऋजुताने कऱ्हाडातलं हे नवं घर तळमजल्यावर घेतलं. मागची खोली माईंसाठी. तिथे लाकडी जमीन.

माई मात्र "येते" म्हणाल्या नव्हत्या. "खोली बघून सांगते," एवढंच म्हणाल्या होत्या. त्या एका वाक्यावर ऋजुता पावसाळाभर जागी होती.

"लाकूडच का गं?" माईंनी विचारलं.

"फरशी निसरडी असते. शिवाय फरशीवर पडलं की हाड मोडतं. लाकूड थोडं सोसून घेतं."

"म्हणजे मी पडणार, हे तू ठरवलंयस."

खोलीच्या कोपऱ्यात हणमंत मिस्त्री बसला होता. त्याला हसू आलं, ते त्याने खोकून घालवलं. शेवटची ओळ बसवायची बाकी होती, भिंतीकडेची पट्टीही. उंबऱ्यापाशी ग्लूची सीलबंद बादली होती. सकाळी ऋजुतानेच ती मागवून घेतली होती.

"ही जमीन मी काही उगाच आणून टाकलेली नाही," ऋजुता म्हणाली. तिच्या बोलण्यात थोडा ताठा आला. तिला आपल्या काळजीचा अभिमान होता. "नमुन्याच्या फळ्या घरी आणल्या होत्या. ओक, अक्रोड, सागवानी रंगाची एक. प्रत्येकीवर ओल्या पायाने चालून बघितलं. तेल सांडून चालले. चप्पल घालून चालले. कोब्याला ओल आहे का ते बघायला प्लास्टिक चिकटवून ठेवलं, आणि सकाळी उठून त्याखाली थेंब शोधले. खोके आणल्यावर लगेच लावू दिले नाहीत. म्हटलं, आधी या खोलीची हवा लागू दे लाकडाला."

"तायनी रोज येऊन खोक्याला हात लावून बघितला, माई," हणमंत म्हणाला. "ताप आलाय का बघत्यात तसा."

"तुम्ही गप्प बसा हो, हणमंतराव."

"बसलो."

माईंनी काठीने जवळच्या फळीकडे खूण केली. "शेवटी निवडलीस ती ही?"

"हो. ओक. ब्रश फिरवून जरा खरखरीत केलेली आहे. पाय सरकत नाही."

"आवडली म्हणून?"

ऋजुताने फळीकडे पाहिलं. जणू हा प्रश्न तिच्यापर्यंत पहिल्यांदाच येत होता.

"...सुरक्षित आहे म्हणून."

"हं."

बाहेरून एक टेम्पो धडधडत गेला. ऋजुता दचकली. माई तशाच उभ्या.

"हिच्या पोटात काय असतं?" माईंनी विचारलं. "सबंध लाकूड दिसत नाही."

हे ऋजुताला येत होतं. ती सरसावली. हणमंतच्या पुढ्यातला कापलेला तुकडा उचलून तिने माईंपुढे त्याची कड धरली.

"हे बघा. वरचा थर खऱ्या ओकचा. खाली पातळ थर, एक उभा, एक आडवा, परत एक उभा. सबंध लाकडाची फळी वाकडी होते, पिळते. इथे एक थर पसरायला लागला की त्याच्याखालचा आडवा थर त्याला आवरतो."

"म्हणजे आवरायचं काम हिचं आतल्या आत चालतं."

"हो."

"मग तू तिला बाहेरून कशाला आवरतेस?"

ऋजुताने तुकडा हणमंतच्या पुढ्यात परत ठेवला.

"आणि चिकटवली तर?" माईंनी हणमंतला विचारलं.

त्याच्याआधी ऋजुताच बोलली. "चिकटवतातही. चालतं तसंही. पण ही खोली तळमजल्यावर आहे. नदी जवळ. पावसाळ्यात लाकूड फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. म्हणून न चिकटवता टाकायची, आणि भिंतीपाशी चहूबाजूंनी बोटभर जागा सोडायची. वरून पट्टी लागते, फट दिसत नाही. जागा नाही मिळाली तर खोलीच्या मधोमध उचलते जमीन. टेकडी होते. मी सगळं वाचलंय, माई. मीच हणमंतरावांना तशी टाकायला सांगितली."

"आणि आता मीच सगळी उचलून चिकटवू म्हणे," हणमंत पुटपुटला.

"काल रात्रीपर्यंत ठीक होतं," ऋजुता म्हणाली. "आज सकाळी पट्टी लागायच्या आधी ती फट डोळ्यांनी बघितली. इकडेही फट, तिकडेही फट. वाटलं, यावर माई चालणार..."

"तुला माहीत आहे, तरी भीती वाटते."

"माहीत आहे म्हणूनच जास्त वाटते."

हणमंत उठला. गुडघे झाडले. "ताई, काय ते सांगा. चिकटवायची तर चिकटवू, माझं काय जातंय. पण बादलीचं झाकण उघडलं की काम आजच्या आज झालं पाहिजे. आणि एकदा चिकटली की मग फोडूनच काढायची. मग मला फोन करू नका, की हणमंतराव, पुन्हा मोकळी करून द्या."

ऋजुताने माईंकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

माईंनी सांगितलं नाही. काठी उचलली आणि उंबऱ्यापलीकडे फळीवर आपटली.

टक्.

ऋजुताचे खांदे वर गेले.

माईंनी पुन्हा आपटली. मग लयीत, दोनदा.

"पोकळ वाजतेय ना?" ऋजुता घाईघाईने म्हणाली. "तेच म्हणतेय मी. चिकटवली की हा आवाज जाईल."

"बरा वाजतोय की."

"माई, थट्टा नको. तुमच्या पायाचा प्रश्न आहे."

"माझ्या पायाचाच विचार करतेय."

हणमंतने पट्टीसाठी आणलेला एक बारीक खिळा उचलला, मग दुसरा.

ऋजुता भिंतीकडे बघत बोलायला लागली. "त्या दिवशी मी तुम्हाला नीट धरलं असतं, तर हे काहीच करावं लागलं नसतं. सभामंडप नुकताच धुतला होता. मला दिसत होतं ओलं आहे ते. मागे टाळ घेऊन उभी होते मी, सबंध गजरभर तुमच्या पायांकडेच बघत होते. पाय उचलला गेलेला दिसला, टाळ टाकले, धावले... तरी उशीर झाला."

"उशीर नाही झाला."

"झालाच. माझा हात पोचला तोवर तुम्ही..."

"तुझा हात पोचला होता. इथे." माईंनी आपल्या कोपराच्या वर बोट ठेवलं. "चांगला घट्ट."

"पण तुम्ही आधीच घसरला होतात."

"कोण घसरलं होतं?"

ऋजुता त्यांच्याकडे वळली.

"तुम्ही."

"मी घसरले नव्हते गं, ऋजे."

"मग?"

"गिरकी घेत होते."

हणमंतच्या हातातला खिळा फळीवर पडला. टक्. या वेळी ऋजुता दचकली नाही.

ती माईंच्या दंडाकडे बघत होती.

"अर्धी झाली होती," माई म्हणाल्या. "छान लागली होती. बऱ्याच वर्षांनी तशी लागली. आणि तू येऊन दंड धरलास. अंग फिरलं, दंड तिथेच राहिला..."

त्या काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"तुम्ही... इतके महिने..." ऋजुता म्हणाली. "मी सगळ्यांना सांगत होते, मी पोचले नाही म्हणून. तुमच्यासमोर सांगत होते. तुम्ही एकदाही का बोलला नाहीत?"

"कशी बोलणार? दवाखान्यात हाड माझं मोडलेलं, आणि रडत तू होतीस. डॉक्टरांनी इंजेक्शन आणलं तर त्यांना कळेना, पेशंट कोणती."

"माई!"

"हाड जुळेपर्यंत थांबले. एका वेळी एकच मोडलेलं बरं."

ऋजुता उंबऱ्यावरच बसली. तिने हात आपल्या मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. हेच हात. तेल सांडून बघणारे, खोक्यांना लागणारे.

बाहेर कोणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली.

"ताई..." हणमंत हळूच म्हणाला. "बादली उघडू का?"

ऋजुताने मान वळवून भिंतीखाली पाहिलं. कोब्याचा करडा रंग फटीतून दिसत होता.

"नको," ती म्हणाली. "परत न्या ती."

"नक्की? उद्या पुन्हा..."

"न्या हो आधी, नाहीतर माझं मन बदलेल."

हणमंतने बादली उचलली आणि मागे न बघता बाहेर गेला.

माईंनी चपला काढल्या. डावा पाय उंबऱ्यावरून पलीकडे टाकला, आणि त्याच क्षणी ऋजुता उठून उभी राहिली. कधी उठली ते तिलाही कळलं नाही. तिचा हात माईंच्या कोपरावर जाऊन बसला होता.

माईंनी त्या हाताकडे पाहिलं.

झटकला नाही. रागावल्या नाहीत. दुसऱ्या हातातली काठी उचलली आणि ऋजुताच्या त्या हातात दिली.

"ही धर," त्या म्हणाल्या. "तुला काहीतरी धरायला लागतंच."

काठी धरायची तर कोपर सोडावं लागत होतं.

ऋजुताने काठी धरली.

माई आत गेल्या. एकेक पाऊल, अगदी सावकाश. फळ्या त्यांच्याखाली किंचित दबल्या, किंचित वाजल्या. खोलीच्या मधोमध जाऊन त्या थांबल्या. तिथून चारी भिंती सारख्याच लांब होत्या. त्यांनी पायाच्या बोटांनी लाकूड चाचपलं, नवीन देवळात गेल्यावर चाचपत तसं.

"खरखरीत आहे," त्या म्हणाल्या. "पण बोचत नाही."

"म्हणजे... आवडली?"

"उद्या माझी ट्रंक आण. टाळ त्यातच आहेत. तुझेही."

ऋजुताने दोन्ही हातांनी काठी छातीशी घट्ट धरली होती. तिला हसायचं होतं, पण तिचं लक्ष माईंच्या पायांकडे होतं. डावी टाच जमिनीवरून सुटली होती. पदर कमरेला खोचला गेला होता.

"माई..." तिचा आवाज बारीक झाला. "माई, तिथे मध्ये धरायला काहीच नाही हो. पडलात तर?"

माईंनी हात बाजूला पसरले. डोळे मिटले.

"पडले, तर उचल. आधी नको."